समोरच्या बाजूचा साक्षीदार

"आपलं आणि माझं नातं काय?" बाबांनी विचारलं.

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो आणि ते माझ्यापासून चार हातांवर. काळा कोट, गळ्याशी पांढरे बँड, हातात कागद नाही. त्यांच्या हातात कागद कधीच नसायचा. जन्मल्यापासून त्यांनी मला 'आपण' म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते दुसऱ्याच कुणाला विचारतायत असं मला क्षणभर वाटलं.

"मी आपला मुलगा आहे," मी म्हणालो.

"एकुलता एक?"

"हो."

"आपल्याला खोटं पाडून माझा काही वैयक्तिक फायदा होईल, असं आपल्याला वाटतं का?"

"नाही."

"थँक यू."

कोर्ट खचाखच भरलं होतं. बाहेरच्या व्हरांड्यातही माणसं होती, खिडकीच्या गजांना धरून उभी. जिल्ह्यातले ज्येष्ठ फौजदारी वकील मुकुंदराव परसोडकर स्वतःच्या मुलाची उलटतपासणी घेणार, ही बातमी आठवडाभर गावभर फिरत होती. सरकारी वकील इंगोले यांनी सुरुवातीलाच हरकत घेऊन पाहिली होती. बाबा शांतपणे म्हणाले होते, "कोर्टाला गैर वाटत असेल तर मी बाजूला होतो. कायद्यात मनाई असेल तर ती दाखवावी." इंगोल्यांना ती दाखवता आली नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि पुढे चालू द्या म्हणाले.

मी काय पाहिलं होतं ते आधी सांगतो.

गावाबाहेर अकोल्याच्या रस्त्यावर एक कालवा आहे. त्याच्या पुलापर्यंत मी रोज संध्याकाळी चालत जायचो. डॉक्टरांनीच चालायला सांगितलं होतं. त्या दिवशी ऊन नुकतंच उतरलं होतं, लांबचंही स्पष्ट दिसत होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्स मंदा थोरात लूनावरून गावाकडे येत होत्या. मागून एक जीप आली आणि सरळ त्यांच्यावर गेली. जीप थोडी पुढे जाऊन थांबली. चालकाच्या बाजूने दिलीप गावंडे उतरला. गावंड्यांच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीचा मालक होणारा मुलगा, शाळेत माझ्याच वर्गात होता. दुसऱ्या बाजूने त्यांचा ड्रायव्हर गणपत उतरला. दोघांनी रस्त्यावर पाहिलं. दिलीप काहीतरी बोलला, दोघांनी जागा बदलल्या आणि जीप निघून गेली. मी धावत पोचलो तेव्हा थोरातबाई जिवंत होत्या. त्यांनी पाणी मागितलं. माझ्याजवळ पाणी नव्हतं. कालव्यातून ओंजळीत घेऊन येईपर्यंत त्या गेलेल्या होत्या.

त्याच संध्याकाळी गणपत पोलिसांत हजर झाला आणि गाडी मीच चालवत होतो म्हणाला. मीही त्याच संध्याकाळी ठाण्यात जाऊन माझा जबाब दिला. घरी कुणाला न विचारता. माझ्या आयुष्यात बाबांना न विचारता केलेली ती पहिलीच मोठी गोष्ट होती. पोलिसांनी दोघांवरही खटला भरला. गाडी कोण चालवत होतं, एवढाच सगळ्या खटल्याचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर देणारा मी एकटा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीपचे वडील, गावंडेशेठ, आमच्या दिवाणखान्यात बसलेले होते. ते गेल्यावर बाबांनी मला बोलावलं.

"तू जबाब दिलास?"

"हो."

"कुणी द्यायला लावला?"

"कुणी नाही."

"बरं. तू जबाब दिलास, तो तुझा अधिकार. मी दिलीपचं वकीलपत्र घेतलंय, तो माझा." एवढं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबांसमोर ती सहसा वाद घालत नसे. त्या दिवशी म्हणाली, "अहो, ही केस सोडा. पोटचा मुलगा आहे समोर."

"मी सोडली तर नागपूरहून कुणीतरी मोठा येईल. तो याची गय करेल असं वाटतं तुला?"

आई पुन्हा स्वयंपाकघरात गेली. नंतर मला म्हणाली, "ऐकलंस ना? ते तुला सांभाळून घेतील."

मलाही तसंच वाटलं. त्याला कारण होतं. बाबा गावात देव मानले जात. मार्केट यार्डातल्या हमालांच्या संपात एकाही हमालाकडून फी न घेता त्यांनी सगळ्यांना सोडवून आणलं होतं. पोलिसांनी चोर म्हणून धरलेली पारध्यांची पोरं त्यांनी सोडवली होती. कोर्टाच्या आवारातून ते चालत निघाले की बसलेली माणसं उठून उभी राहायची. माझ्याशी मात्र ते कधी नीट बोलले नव्हते. ते विचारायचे. गणितात इतकेच का, हा मित्र कोण, काल कुठे होतास. मी उत्तर द्यायचो आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. जेवताना माझा घास हातात राहायचा.

अमरावतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आजारी पडलो. झोप गेली. खोलीच्या दाराबाहेर कुणीतरी उभं आहे असं सतत वाटायचं. बाबा स्वतः येऊन मला घेऊन गेले. नागपूरला मनाच्या आजारांचे एक नामांकित डॉक्टर होते, त्यांच्याकडे उपचार झाले. वर्षभर गोळ्या घेतल्या आणि मी बरा झालो. नागपूरहून पहिल्यांदा परतताना गाडीत बाबांनी आईला आणि मला सांगितलं होतं, "कुणी विचारलं तर कावीळ झाली होती म्हणायचं. कावीळ उलटली, म्हणून वर्ष गेलं." आम्ही तसंच म्हणत आलो. मामालाही तेच सांगितलं, शेजाऱ्यांनाही तेच. आजी वारली ती माझ्या काविळीची काळजी करत वारली.

साक्षीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी गच्चीवर बसलो होतो. बाबा जिना चढून आले. त्यांच्या दोन्ही हातांत चहाचे कप होते. त्यांना चहा हातात घेऊन जिना चढताना मी कधी पाहिलं नव्हतं. एक कप मला देऊन ते कठड्यावर टेकले.

"झोप लागते का रे?"

"लागते."

"गोळ्या?"

"त्या तर कधीच बंद झाल्या."

"त्या बाईचं दिसत असेल तुला. डोळ्यांसमोरून जात नसेल."

त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला गलबलून आलं. मी म्हणालो, "स्वप्नात येतं. सगळं तसंच असतं. पूल, लूना, जीप. पण कधी कधी जीपमधून उतरणारा माणूस बदलतो."

"म्हणजे?"

सांगावं की नाही असं झालं. पण ते थांबले होते, माझ्याकडे पाहत, घाई न करता. "कधी कधी तुम्ही उतरता," मी म्हणालो.

 बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. "चहा निवतोय," म्हणाले. आम्ही दोघांनी चहा प्यायला. खाली आई देवापाशी दिवा लावत होती. उद्या काय व्हायचं ते होवो, असं मला त्या वेळी वाटलं. मला हवं होतं ते मिळालं होतं.

कोर्टात त्यांनी पहिला अर्धा तास घटनेच्या जागेबद्दल विचारण्यात घालवला. पूल कुठे, मी कुठे, मध्ये बाभळीची झाडं किती, सूर्य कुणाच्या डोळ्यांवर. मी नीट उत्तरं दिली. दिलीपला मी लहानपणापासून ओळखतो, तो तिरका चालतो, त्याला मी शंभर माणसांत ओळखेन, असं मी म्हणालो. इंगोले मान डोलावत होते. पहिल्या बाकावर थोरातबाईंचे यजमान बसले होते. किसन थोरात पोस्टात होते. प्रत्येक तारखेला रजा टाकून येत आणि मांडीवर हात ठेवून बसून राहत. त्यांचा चेहराही त्या अर्ध्या तासात जरा सैल झाला होता.

मग बाबांनी विषय बदलला.

"आपलं शिक्षण?"

"इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत."

"का सोडलंत?"

"आजारी पडलो."

"काय आजार होता?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, ते मला वाट काढून देतायत. हा शब्द त्यांनीच दिला होता, तो मी उच्चारावा आणि पुढे जावं, इतकंच त्यांना हवंय. भरल्या कोर्टात मी त्यांचं घर उघडं कसं पाडणार होतो?

"कावीळ," मी म्हणालो.

"कावीळ. कोणत्या डॉक्टरांचे उपचार होते?"

 "नागपूरच्या."

"नाव सांगा."

मी नाव सांगितलं. कोर्टात मागे कुणीतरी कुजबुजलं. ते नाव सगळ्या विदर्भाला माहीत होतं.

"हे डॉक्टर काविळीवर उपचार करतात?"

मी इंगोल्यांकडे पाहिलं.

"साक्षीदाराने उत्तर द्यावं," न्यायाधीश म्हणाले. त्यांचा आवाज दबलेला होता.

"नाही," मी म्हणालो.

"मग कशावर करतात?"

"मनाच्या आजारांवर."

"म्हणजे दोन मिनिटांपूर्वी, सत्य सांगेन अशी शपथ घेतलेली असताना, आपण या कोर्टाला खोटं सांगितलंत. बरोबर?"

मला ओरडून सांगायचं होतं की ते खोटं कुणाचं आहे. सांगितलं असतं तर काय झालं असतं याचा मी नंतर वर्षानुवर्षं विचार केला आहे. पण त्या क्षणी तोंडातून निघालं ते एवढंच, "बरोबर."

बाबांनी न्यायाधीशांकडे पाहून मान किंचित लववली. उत्तर लिहून घेतलं जाईपर्यंत ते थांबले. टाइपरायटरचा आवाज थांबल्यावर पुन्हा माझ्याकडे वळले.

"त्या आजारात, नसलेलं माणूस असल्यासारखं वाटायचं?"

"तेव्हा वाटायचं. आता नाही."

"आता नाही. अपघाताची स्वप्नं पडतात?"

माझा हात पिंजऱ्याच्या कठड्यावर होता. तो मला माझा वाटेना. इंगोले उठले. "हरकत आहे. साक्षीदाराच्या स्वप्नांचा इथे काय संबंध?"

"साक्षीदाराने माणूस ओळखला की नाही, यावर हा सगळा खटला उभा आहे," बाबा म्हणाले. "त्याच्या ओळखण्याच्या शक्तीबद्दल मी विचारतोय."

न्यायाधीशांनी थोडा विचार करून परवानगी दिली.

"पडतात," मी म्हणालो.

"त्या स्वप्नात जीपमधून उतरणारा माणूस नेहमी दिलीप गावंडेच असतो?"

आईकडे पाहावं म्हणून मी मान वळवली. ती मागच्या बाकावर बायकांमध्ये बसली होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, कारण स्वप्नाबद्दल मी तिलाही बोललो नव्हतो. जगात एकाच माणसाला ते ठाऊक होतं.

"नेहमी नसतो," मी म्हणालो.

"मग कोण असतो?"

 बाबा थांबले. आदल्या संध्याकाळी गच्चीवर थांबले होते अगदी तसेच, माझ्याकडे पाहत, घाई न करता.

"कोण असतो?"

"तुम्ही."

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. बाबा हसले नाहीत. हसू विरून जाईपर्यंत वाट पाहून ते अतिशय साध्या आवाजात म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी जीप मी चालवत होतो?"

"नाही."

"आणखी काही विचारायचं नाही," असं म्हणून ते जागेवर जाऊन बसले.

इंगोल्यांनी फेरतपासणीत दोन-तीन प्रश्न विचारले. दिलीपच गाडी चालवत होता, असं मी पुन्हा सांगितलं. माझाच आवाज मला पटेना. मी खाली उतरलो. किसन थोरातांच्या बाकाजवळून जाताना त्यांनी पाय आत घेतले, मला वाट दिली. वर पाहिलं नाही.

बाबांनी गाडी काढली. आई मागे बसली, मी पुढे. त्या दोघांपासून दूर कुठेतरी जावं एवढंही मला सुचलं नाही. घरी जायची तीच गाडी होती, म्हणून मी बसलो. कोर्टाच्या फाटकात दोघा-तिघा वकिलांनी बाबांना हात केला. त्यांनीही केला.

थोडं पुढे गेल्यावर बाबा म्हणाले, "साक्ष चांगली दिलीस."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"जागेच्या प्रश्नांवर हलला नाहीस. फेरतपासणीतही जबाब बदलला नाहीस. एरवी माणसं कोसळतात. काविळीला अडकलास. मी ते विचारणार हे तुला कळायला हवं होतं."

"ते तुम्ही सांगितलं होतंत," मी म्हणालो. "कावीळ म्हणायला."

"शेजाऱ्यांना. कोर्टाला नव्हे."

मागे आईच्या बांगड्या वाजल्या. 

"आणि स्वप्न?" मी विचारलं. "ते मी काल तुम्हाला सांगितलं होतं. गच्चीवर. तुम्ही चहा घेऊन आलात, म्हणून सांगितलं. वकिलाला नव्हतं सांगितलं."

समोरून बैलगाडी येत होती. बाबांनी गाडी बाजूला घेऊन तिला जाऊ दिलं. मग म्हणाले, "श्रीरंग, मी एकच माणूस आहे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, ओशाळलेपण नव्हतं. ते मला समजावून सांगत होते. तेव्हा मला एक गोष्ट कळली. काल डोक्यावर ठेवलेला हात खोटा असता तर मला सोपं गेलं असतं. तो खरा होता. त्यांना माझी काळजी वाटली होती, मी सांगितलेलं त्यांनी मनापासून ऐकलं होतं आणि ऐकता ऐकताच त्याचा प्रश्न तयार झाला होता. या दोन्हींच्या मध्ये त्यांच्याकडे भिंतच नव्हती.

घरी आल्यावर आईने पानं वाढली. ते जेवले. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

दिलीप गावंडे सुटला. गणपतला शिक्षा झाली आणि त्याचं घर गावंडेशेठ चालवू लागले. निकालाच्या दिवशी वकिलांच्या खोलीत बाबा आले तेव्हा सगळे उठून उभे राहिले, असं मला कुणीतरी मुद्दाम येऊन सांगितलं.

मी गावातच मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचो. निम्म्या बंद झाल्या. कारंज्याच्या एका घरी माझं लग्न ठरत आलं होतं, तिकडून निरोप यायचा थांबला. लोक माझ्याशी वाईट वागले नाहीत. ते फक्त माझ्याशी जरा सावकाश आणि मोठ्याने बोलू लागले, बहिऱ्याशी बोलावं तसं. किराणा दुकानदार सुट्टे पैसे देताना दोनदा मोजून दाखवायचा. मी स्वतःही बदललो. पुलापर्यंत चालत गेलो की मला जीप दिसायची, तिचं दार उघडताना दिसायचं आणि त्यातून कोण उतरतंय ते पाहण्याआधीच मी मान फिरवायचो. दिलीपच होता, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी पाहत नसे.

बाबांशी मी बोलणं टाकलं नाही. ते विचारतील त्याचं उत्तर द्यायचो, पूर्वीसारखंच. फक्त उत्तरापलीकडे एक शब्द बोलायचो नाही. त्यांना त्यात काही वेगळं वाटलं असेल, असं दिसलं नाही.

असं एक वर्ष गेलं, दुसरं निम्मं गेलं. एका रविवारी सकाळी फाटक वाजलं. बाबा आत दाढी करत होते. मी दार उघडलं तर समोर किसन थोरात. अंगावर धुतलेला पांढरा सदरा. माझ्या साक्षीच्या त्या दिवसानंतर आम्ही कधी समोरासमोर आलो नव्हतो. ते मला शिव्या द्यायला आले असतील, असं मला वाटलं. द्याव्यात, असंही वाटलं.

"वकीलसाहेब आहेत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत. पण तुमचं काय काम?"

"धाकट्या भावाला मारामारीच्या केसमध्ये गोवलंय. तो तिथे नव्हताच हो. पण समोरची माणसं मोठी आहेत." ते घुटमळले. "साहेबांनी घ्यावी केस, म्हणून आलो."

मी दारातच उभा राहिलो. आत बाबा तोंड धुताना पाण्याचा आवाज येत होता.

"थोरात," मी हळू आवाजात म्हणालो, "तुम्हाला माहीत आहे ना, यांनी दिलीपला सोडवलं? तुमच्या मंडळींना कुणी मारलं ते मी सांगत होतो. मी खरं सांगत होतो."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी पहिल्या बाकावर होतो. तुमचं एकही बोलणं मला खोटं वाटलं नाही. काविळीचं सोडून."

"मग तरी यांच्याकडे आलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती आणि आदरही होता. तो आदर माझ्यासाठी नव्हता.

"म्हणून तर आलो, दादा," ते म्हणाले. "स्वतःच्या पोराला ज्याने सोडलं नाही, तो माझ्यासाठी समोरच्या कुणाला सोडेल?"

आतून बाबांचा आवाज आला, "कोण आहे रे?"

"तुमच्याकडे आलेत," मी म्हणालो आणि दारातून बाजूला झालो. थोरातांनी चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, सदरा खाली ओढून सरळ केला आणि आत गेले.